परिचारिका-रुग्ण संवाद (मराठवाड्यातील मनोरुग्ण कक्ष)

मनोरुग्ण कक्षात परिचारिका रुग्णाशी जे बोलते, त्याचे जे ऐकून घेते आणि न बोलता वागण्यातून जे कळवते, त्या सगळ्याला परिचर्याशास्त्रात ‘उपचारात्मक संवाद’ म्हणतात. मानसिक आजार किती उतरला हे रक्ताच्या रिपोर्टवरून समजत नाही. रुग्ण काय बोलतो, कसा झोपतो, जेवताना काय म्हणतो यावरून ते ठरवावे लागते. डॉक्टरांचा राउंड थोडा वेळ चालतो, बाकीचा दिवस आणि रात्र कक्ष अधिपरिचारिकांच्या हाती असतो. अमेरिकी परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ साली हे नातेच परिचर्येचा गाभा मानून त्याचे टप्पे मांडले. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनी मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये रुग्णाशी झालेले बोलणे जसेच्या तसे उतरवून ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहितात, ते त्याच विचारातून. बऱ्याच वह्या परीक्षेपुरत्या भरल्या जातात हे खरे. पण मनापासून लिहिलेली वही वाचली की रुग्णाचे वाक्य आपण कितीदा मध्येच तोडले ते दिसते.

राज्यातील ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही चारही जुनी मनोरुग्णालये ब्रिटिश अमलाखालच्या भागात उभी राहिली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता. त्यामुळे इथला गंभीर रुग्ण एक तर दूरच्या मनोरुग्णालयात जाई किंवा घरीच राही. जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला शासनाने मंजुरी दिली आहे. एरवी उपचारांचा भार छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांवर आणि जिल्हा रुग्णालयांवर आहे.

या कक्षांत रुग्णाजवळ बहुधा नातेवाईक थांबतो, आणि त्यामुळे इथला संवाद तिघांचा होतो. “सिस्टर, रात्रीपासून जेवना गेलाय, कुणाशी बोलना गेलाय,” म्हणजे तो जेवत नाही, बोलत नाही, हे आई सांगते, मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. प्रश्न रुग्णाला विचारावा आणि उत्तर नातेवाइकाकडून यावे, हे रोजचेच. जाणती परिचारिका आईचे सगळे ऐकून घेते, मग तिला चहाला किंवा केसपेपरच्या कामाला पाठवून मुलाशेजारी स्टूल ओढते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण खाटांमध्ये पडदाही नसेल तर तो हक्क परिचारिकेला खालच्या आवाजात पाळावा लागतो. विवाहितेच्या बाबतीत तर हे फारच नाजूक. तिच्याजवळ सासू थांबली आहे की आई, यावर ती काय बोलेल हे अवलंबून असते.

भाषेचाही प्रश्न आहे. देगलूर-बिलोलीकडून तेलुगू, उमरगा-निलंग्याकडून कन्नड, तांड्यावरून गोरमाटी (बंजारा बोली) आणि सगळीकडून दखनी (इथली उर्दू) बोलणारे रुग्ण येतात. दुःख शरीराच्या भाषेत सांगितले जाते: डोक्यात मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. ‘बाहेरचं झालंय’ असे घरचे म्हणाले की त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दर्ग्याला किंवा देवाला जाऊन आलात तरी गोळी चुकवू नका, एवढे पटवता आले तर पुष्कळ झाले. भ्रमाबद्दलही हाच शहाणपणा लागतो. ‘जेवणात विष कालवलंय’ म्हणणाऱ्याला होकार द्यायचा नाही आणि खोटेही पाडायचे नाही. ‘तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय, मी इथंच आहे’ असे म्हणून भीतीशी बोलायचे.

कीटकनाशक प्यायलेला माणूस आधी मेडिसिन वॉर्डात किंवा आयसीयूत येतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत दिलेल्या अ‍ॅट्रोपिनने तो काही काळ बरळतो, चादर चिवडत राहतो. तेव्हा विचारपूस करून उपयोग नसतो, कुठे आहोत आणि कोण आहोत एवढेच पुन्हापुन्हा सांगावे लागते. शुद्ध नीट आली की ‘अजून मरावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे, शिक्षेला पात्र गुन्हेगार नव्हे. तरी नातेवाइकांना आणि खुद्द रुग्णालाही पोलिसांचीच धास्ती अधिक असते, म्हणून बोलण्याची सुरुवात तिथून करावी लागते.

औषधाचा दुष्परिणाम आधी सांगून ठेवणे हा या संवादातला सर्वांत फायद्याचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. हॅलोपेरिडॉलसारखे भ्रम-भासांवरचे औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांत, मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ ओढली जाते. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने हे बहुधा अर्ध्या तासात उतरते. पण आधी कुणी सांगितले नसेल तर घरच्यांना ती करणीची खूण वाटते आणि रुग्ण रातोरात कक्षातून हलवला जातो.

सुट्टी देताना बीड-जालन्याकडच्या रुग्णाला एक प्रश्न हटकून विचारायचा असतो: ‘यंदा कोयत्याला जाणार का?’, म्हणजे ऊसतोडीला. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की उन्हाळ्यापर्यंत परत येणे नाही. मग किती गोळ्या बरोबर द्यायच्या, कारखान्याजवळ कोणते रुग्णालय आहे, जोडीदाराला डोस माहीत आहे का, हे खाटेजवळच ठरवावे लागते. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) चालू असेल तर सांगायचे आणखी वाढते. उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीवर डायक्लोफेनॅक घेतले, तर लिथियमचे रक्तातले प्रमाण चढते. हात जास्त थरथरू लागले, चालताना झोक जाऊ लागला, बोलणे जड झाले की गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. हे सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नये. मान सगळेच हलवतात. ‘आता तुम्ही मला सांगा, काय झालं तर गोळी बंद करायची?’ असे विचारावे, आणि हा प्रश्न रुग्णाबरोबर फडात जाणाऱ्या जोडीदारालाही करावा.