हवाग्रहण, धूळरोधक (ऑफ-रोड वाहने)

कच्च्या, रेताड किंवा पिठासारखी माती असलेल्या वाटांवर चालणाऱ्या वाहनाच्या इंजिनात हवेबरोबर धूळ जाऊ नये, यासाठी हवा घेण्याच्या मार्गात केलेला फेरबदल. हवेचे तोंड उंचावर नेणे (स्नॉर्कल), मुख्य फिल्टरच्या आधी जड धूळ बाजूला काढणे (प्रीक्लीनर), फिल्टरचे माध्यम बदलणे आणि फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा मार्ग हवाबंद करणे, अशी चार कामे यात मोडतात. पहिली तीन दिसतात, म्हणून लोक ती हौसेने करतात. चौथे बॉनेटखाली झाकलेले राहते. धुळीने गेलेले इंजिन उघडल्यावर कारण बहुधा या चौथ्यातच सापडते.

धूळ नेमके काय करते

रस्त्यावरच्या धुळीत मोठा वाटा क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकाचा असतो. मोह्स मापावर त्याची कठीणता ७ आहे. सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा ती बरीच जास्त. पिस्टन रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनच जाड असतो. त्या थरापेक्षा किंचित मोठा, साधारण ५ ते २० मायक्रॉनचा कण दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतो आणि पॉलिश पेपरसारखा घासतो. डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण सुटा दिसत नाही. त्यामुळे एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, तळाशी साठलेली वाळू पाहून घाबरण्यात फारसा अर्थ नाही. इंजिन खाणारी धूळ म्हणजे फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवल्यावर लागणारी भुकटी.

झीज सर्वांत आधी वरच्या रिंगवर आणि बोअरच्या वरच्या भागात होते. रिंगच्या टोकांमधली फट वाढते, ब्लो-बाय (रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा वायू) वाढतो, ऑइल फिलरचे झाकण काढले की फसफस धूर येतो, मग इंजिन ऑइल खाऊ लागते आणि थंडीत सुरू व्हायला कुरकुरते. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या पुढच्या कडा खरखरीत होऊन बोथटतात. ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन (सिलिकातले मूलद्रव्य) वाढते आणि त्याच्यासोबत लोह व ॲल्युमिनियमही. नुसतेच सिलिकॉन वाढले असेल तर घाई करू नये: नुकताच लावलेला सिलिकॉन सीलंट किंवा नवे गॅस्केट यांतूनही ते ऑइलमध्ये उतरते.

भोकाचा हिशेब

२.५ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन २,४०० फेऱ्यांवर मध्यम बूस्टमध्ये मिनिटाला सुमारे ५ घनमीटर हवा ओढते, म्हणजे तासाला ३०० घनमीटर. पुढचे काहीच दिसत नाही इतक्या दाट धुळीत एका घनमीटरात सुमारे १ ग्रॅम धूळ असते. त्या हिशेबाने तासाभरात फिल्टरच्या तोंडाशी ३०० ग्रॅम धूळ येते. फिल्टर ९९.९ टक्के गाळत असेल तर पलीकडे ०.३ ग्रॅम जाते, ९९.५ टक्के असेल तर १.५ ग्रॅम, ९७ टक्के असेल तर ९ ग्रॅम. कागदावर अडीच टक्क्यांचा वाटणारा फरक इंजिनासाठी सहापटीचा ठरतो.

आता त्याच ९९.९ टक्क्यांच्या फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला, होजच्या (रबरी नळीच्या) सांध्याजवळ, २ मिलिमीटरचे एक भोक आहे असे धरू. भरपूर भार असताना तिथे ३ किलोपास्कल ओढ असेल तर त्या भोकातून मिनिटाला सुमारे ८ लिटर हवा न गाळता आत जाते. तासाला ती अर्धा घनमीटर होते आणि सोबत अर्धा ग्रॅम धूळ नेते. म्हणजे अख्ख्या फिल्टरमधून जाते त्याहून जास्त धूळ एका खिळ्याएवढ्या भोकातून गेली. महागडा फिल्टर घेण्याआधी क्लॅम्प तपासावेत, ते यासाठी.

यातून कामाचा एक नियम निघतो. फिल्टरच्या आधीची बाजू धुळीची, नंतरची स्वच्छ. धुळीच्या बाजूची फट स्नॉर्कलचा फायदा घालवते, पण इंजिन वाचते, कारण पुढे फिल्टर आहे. स्वच्छ बाजूची फट इंजिन घेऊनच जाते.

स्नॉर्कल

पुढच्या चाकांनी उडवलेली धूळ बॉनेटच्या उंचीपर्यंत दाट आणि छताच्या उंचीवर विरळ असते. उंचीवरून हवा घेतली की फिल्टरवर धूळ कमी येते आणि तो जास्त दिवस टिकतो. स्नॉर्कल स्वतः काहीच गाळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. ताफ्यात पुढच्या गाडीच्या मागोमाग चालताना छताच्या उंचीवरही धूळ असतेच; तिथे अंतर ठेवण्याला पर्याय नाही. बाहेरची थंड हवा मिळणे हा वरकड फायदा. बॉनेटखालच्या हवेपेक्षा ती १० अंशांनी थंड असेल तर तिची घनता सुमारे ३ टक्के जास्त असते.

नळीचा व्यास कमी पडू देऊ नये. तेच इंजिन ३,५०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ८ घनमीटर हवा घेत असेल तर आतून ७५ मिलिमीटरच्या नळीत हवेचा वेग सेकंदाला ३० मीटर होतो आणि ६३ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ४३ मीटर. दाबाची घट वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे व्यासात १२ मिलिमीटर वाचवण्याची किंमत दुप्पट घट. काटकोनी वळणे ती आणखी वाढवतात.

बसवताना कागदी साचा मास्किंग टेपने मडगार्डवर चिकटवून दोनदा मापावा. एअरबॉक्सचे तोंड आणि बाहेरचे भोक एका रेषेत आले नाही तर होज पिळवटते आणि सांधा कायमचा ताणलेला राहतो. बॅटरीची जोडणी काढावी. एअरबॉक्सच्या तोंडात चिंधी कोंबावी, आणि शेवटी ती काढली का हे पाहावे. राहून गेलेली चिंधी ही विनोदाची गोष्ट नाही. सेंटर पंचने खूण, ३ मिलिमीटरचे पायलट भोक, मग होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत). कड कानशीने साफ करून झिंक प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि ते पुरते वाळू द्यावेत, नाहीतर वर्षभरात तिथूनच गंज पसरतो. पत्र्याचा कीस चुंबकाने आणि व्हॅक्यूमने काढावा, फुंकरीने नव्हे.

बरेच स्नॉर्कल पॉलिएथिलीनचे असतात आणि त्या प्लॅस्टिकला सीलंट नीट धरतच नाही. सांधा सीलंटवर सोडून चालत नाही. रबरी होज आणि क्लॅम्प यांच्या दाबानेच तो बंद झाला पाहिजे. साध्या, स्क्रूने आवळायच्या वर्म ड्राइव्ह क्लॅम्पपेक्षा टी-बोल्ट क्लॅम्प दाब सगळीकडे सारखा देतो. जिथे सीलंट वापरायचाच तिथे इंजिनाच्या सेन्सरला न बाधणारा, न्यूट्रल क्युअर प्रकारचा घ्यावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट टाळावा. थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) एबीएस प्लॅस्टिकवर ओघळला तर तिथे चिरा पडतात.

एअरबॉक्सच्या तळाशी पाणी जाण्यासाठी रबरी चोच असते. तिचे ओठ मऊ आणि मिटलेले हवेत. चोच गळून पडली की धूळ थेट बॉनेटखालून आत येते आणि वरचा स्नॉर्कल शोभेपुरता उरतो. पाण्यातून जाणारे लोक हे भोक बुजवतात. मग पावसात साठलेले पाणी अधूनमधून झाकण उघडून काढावे लागते.

प्रीक्लीनर

धुळीला गोल फिरवून बाहेर फेकणे हे तत्त्व. स्नॉर्कलच्या डोक्यावर बसणारा पारदर्शक वाडगा, पंख्यासारखा फिरून धूळ बाहेर टाकणारा डबा, किंवा एअरबॉक्सच्या आतच असलेल्या तिरक्या पात्या, असे त्याचे प्रकार आहेत. जड कण तो चांगले काढतो, बारीक कण सोडतो. हवेचा वेग कमी असताना, म्हणजे आयडलवर (गाडी उभी, इंजिन सुरू) आणि मंद चालीत, त्याचे काम ढिले पडते. छोट्या इंजिनावर मोठा प्रीक्लीनर लावला की तो कधीच नीट फिरत नाही. डोळे मिटून मोठा आकार निवडण्याची चूक इथे हमखास होते. इंजिनाची हवेची गरज आणि उत्पादकाने दिलेली प्रवाहाची मर्यादा जुळवूनच आकार ठरवावा.

गोलाकार एअरबॉक्सला खाली रबरी धूळ-झडप असते. ओढ जास्त असताना ती मिटते आणि इंजिन मंदावले की उघडून धूळ खाली सोडते. तिचे तोंड खाली हवे, ओठ दाबून मोकळे करता आले पाहिजेत. कडक झालेली झडप एकतर उघडत नाही किंवा मिटत नाही.

वाळवंटातल्या शर्यतींच्या गाड्यांवर विजेच्या पंख्याने चालणारे पार्टिकल सेपरेटर असतात. अनेक बारीक भोवरा-नळ्यांमधून हवा जाते आणि वेगळी झालेली धूळ पंखा बाहेर ओढतो. पंखा बंद पडला तर वेगळी केलेली धूळ बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचा फ्यूज आणि दिवा डॅशबोर्डवर दिसेल असा ठेवतात. बेल्टवर चालणाऱ्या छोट्या बग्ग्यांत सीव्हीटीला (गिअरऐवजी बेल्टने वेग बदलणाऱ्या यंत्रणेला) थंड करणारी हवाही वेगळ्या तोंडातून येते. ते तोंडही उंचावर घ्यावे, नाहीतर बेल्ट घसरू लागतो.

फिल्टरचे माध्यम

घडीचा कागद बारीक धुळीसाठी अजून सर्वांत भरवशाचा आहे. त्याची खासियत अशी की थोडी धूळ बसल्यावर तो अधिक चांगला गाळतो. धुळीचा थर स्वतःच फिल्टर बनतो. म्हणून दर संध्याकाळी फिल्टर काढून झटकणे हा काळजी घेण्यापेक्षा नुकसानीचा प्रकार आहे. शिवाय प्रत्येक वेळी झाकण उघडले की थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडतेच. कागद भिजला तर मात्र लगेच बदलावा.

ऑइल लावलेला फोम भरपूर धूळ पोटात घेतो आणि धुता येतो, म्हणून मोटरसायकली आणि बग्ग्यांवर तो रुळला. तो पेट्रोलमध्ये धुऊ नये. जोडांचा डिंक सुटतो आणि आगीचा धोका वेगळा. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा, पिळू नये, सावलीत पूर्ण वाळवावा, मग फोमसाठीचे चिकट ऑइल सगळीकडे सारखे भिनेपर्यंत मळावे. रंग फिका दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे कोरडी जागा, आणि कोरडा फोम फार काही अडवत नाही. बसण्याच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा.

ऑइल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हवा सहज सोडतो, पण बारीक धूळही जास्त सोडतो. दाट धुळीच्या गाडीसाठी तो चुकीची निवड आहे. ऑइल जास्त झाले तर ते पुढे जाऊन मास एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारेवर बसते आणि इंजिनाचे हवेचे मोजमाप बिघडते. सेन्सरची नळी जाड-बारीक केली तरी तेच होते, कारण सेन्सरचे गणित त्या व्यासावर बेतलेले असते.

जुन्या जीप आणि ट्रॅक्टरांवरचा ऑइल बाथ फिल्टर आता मागे पडला आहे. तिरक्या उतारावर त्यातले ऑइल सांडते आणि मंद वेगात त्याची गाळण घसरते.

तपासणी

काम झाले की आयडलवर स्नॉर्कलच्या तोंडावर सपाट फळी क्षणभर दाबावी. हात किंवा पिशवी नको. इंजिन गुदमरून बंद पडू लागले पाहिजे. निवांत चालत राहिले तर हवा दुसरीकडून येत आहे. या चाचणीत मोठ्या फटी कळतात, बारीक नाही. त्यांच्यासाठी मार्गात ०.०५ बारच्या आसपास दाबाने धूर भरतात आणि तो कुठून निसटतो ते पाहतात. घड्यांच्या रबरी होजची चीर बहुधा खालच्या बाजूला, घडीच्या तळाशी असते आणि होज ताणल्याशिवाय दिसत नाही. क्रँककेसच्या ब्रीदरला (इंजिनाच्या पोटातला वायू सोडणाऱ्या तोंडाला) वेगळा छोटा फिल्टर लावून स्वच्छ बाजूकडच्या मूळ नळीचे तोंड उघडेच ठेवणे, हेही वारंवार आढळते.

आणखी एक साधी युक्ती आहे. स्वच्छ नळीच्या आत, सेन्सरच्या पुढे इंजिनाकडच्या बाजूला, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून गाडी धुळीत चालवावी. दोनशे किलोमीटरनंतर ते ग्रीस दोन बोटांत चोळले असता कचकच लागली तर गळती आहे.

कायमस्वरूपी सोय म्हणून फिल्टर आणि टर्बोच्या मधे रिस्ट्रिक्शन गेज (फिल्टरनंतरची ओढ मोजणारे मापक) लावतात. नवा फिल्टर असताना पूर्ण भारावरचा आकडा लिहून ठेवावा. डिझेल इंजिनांत बदलण्याची मर्यादा बहुधा पाण्याच्या २५ इंचांच्या, म्हणजे सुमारे ६.२ किलोपास्कलच्या आसपास असते. उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. आकडा वाढणे साहजिक आहे. फिल्टर न बदलता तो एकाएकी खाली आला, तर कागद फाटला आहे किंवा सांधा सुटला आहे. गाडी तिथेच थांबवावी.

नवा फिल्टर मिळण्यासारखा नसेल तर कागदी फिल्टर आतून बाहेर, २ बारपेक्षा कमी दाबाने, नोझल लांब धरून फुंकता येतो. मग आत दिवा धरून अंधारात पाहावे. उजेडाचा एक ठिपकाही दिसला तर तो टाकून द्यावा. जमिनीवर आपटलेल्या फिल्टरची कड वाकते आणि गॅस्केट टेकत नाही. दोन फिल्टरांच्या रचनेत आतला सुरक्षा फिल्टर कधीच साफ करत नाहीत. बाहेरचा तीनदा बदलला की आतला एकदा बदलतात. काढलेल्या आतल्या फिल्टरवर धूळ दिसली, तर बाहेरच्याची बैठक आधी तपासावी.