कूलर खिडकीबाहेर, मग फिल्टर बॉनेटच्या आत का?

नागपुरात लहान पोरालाही ठाऊक असतं की कूलर खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर ठेवायचा. बंद खोलीत लावला तर तीच दमट हवा घुमत राहते आणि नवतपात जीव कासावीस होतो. मे महिन्यातल्या एका रविवारी भाच्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा मला हा कूलरच आठवला. त्यानं ऑनलाइन मागवलेला इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर, घरीच बसवला होता. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढून तिथे चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप आणि टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर.

"मामा, आवाज ऐका ना! कशी उठते आता गाडी!"

आवाज भारदस्त होता, यात शंका नाही. पण फिल्टर बसला होता रेडिएटरच्या पंख्यामागे, म्हणजे इंजिनाच्या भट्टीतली हवा ओढत.

1 किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. लिटरमध्ये मांडलं तर 1 लिटर पेट्रोलमागे जवळजवळ 10 हजार लिटर हवा, म्हणजे 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी अख्खी खोली. सिलिंडरची जागा मात्र ठरलेली आहे. त्यात हवा किती लिटर मावते यापेक्षा किती वजनाची मावते, यावर ताकद ठरते. आणि हवा तापली की फुगते, विरळ होते. समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवरच्या नागपुरात 45 अंशांना एक घनमीटर हवेचं वजन अंदाजे 1.07 किलो भरतं. तीच हवा 70 अंशांवर गेली की 1 किलोच्याही खाली येते. म्हणजे 7 टक्के प्राणवायू फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच गेला. शिवाय आत येणारी हवा फार गरम असेल तर इंजिनात खटखट होऊ नये म्हणून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद आणखी घटते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र, खोचलं की आत येणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. आम्ही गाडी सुरू करून सावलीत उभी ठेवली. आकडा 46 वरून 50, 55 असा सरकत 60 च्या पार गेला. भाचा गप्प झाला. गाडी हायवेवर वेगात असते तेव्हा समोरच्या वाऱ्यानं हा फरक बराच कमी होतो, पण सीताबर्डीच्या सिग्नलवर वारा कुठून येणार?

कंपनीचा डबा दिसायला ओबडधोबड असला, तरी त्याचं नाक ग्रिलजवळ, बाहेरच्या हवेत असतं. त्याच्या पोटाला जोडलेला बंद कप्पा उगीच नसतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो. तसाच ठरावीक सुराचा कप्पा इंजिनाची घरघर गिळतो. याला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. तो काढला की घरघर मोकळी होते आणि गाडी जोरात पळतेय असं कानाला वाटतं.

खरा अडथळा कुठे असतो, हेही पाहायला हवं. गावात गाडी चालवताना आपण अॅक्सिलरेटर थोडासाच दाबतो, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पुढे कितीही मोकळा फिल्टर लावा, वाट त्या झडपेनंच अडवलेली. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं 2009 मध्ये तपासलं, तर तुंबलेल्या फिल्टरनंही आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज फारसं हललं नाही, फक्त वेग घ्यायला त्या मंद झाल्या. त्यामुळे महागड्या किटपेक्षा वेळेवर बदललेला साधा कागदी फिल्टर मला जास्त पटतो. नागपुरात सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ कमी नाही, आणि त्यातला क्वार्ट्झचा कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतो.

भाच्याला मात्र इनटेक ठेवायचाच होता. चेक इंजिनचा दिवाही लागला होता. त्याचं कारण पाइपाच्या रुंदीत सापडलं. हवा मोजणारा सेन्सर म्हणजे एक तापलेली बारीक तार. हवा जितकी जोरात तिच्यावरून जाते तितकी ती थंड होते. जुनी नळी 60 मिलिमीटरची, नवी 70 ची. फरक 10 मिलिमीटरचा, पण तोंडाचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढलं. तितकीच हवा संथ गेली, संगणकाला ती कमी वाटली आणि त्यानं पेट्रोल कमी सोडलं.

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. सेन्सरचं सॉकेट वायर न ओढता लॉक दाबून सोडवलं. थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, कारण तिथे एक नट जरी पडला तरी इंजिन उघडावं लागेल. (फडकं काढायची आठवण म्हणून गाडीची चावी मी खिशात ठेवली.) सेन्सर बसणारी मूळ नळी मध्ये जोडली, तिच्यावरचा बाण इंजिनाकडे. निसटलेला ब्रीदरचा पाइप, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये आणणारी नळी, परत लावला, नाहीतर तिथून गाळणीविना धूळ आत जाते. हा फिल्टर तेल लावून वापरायचा, पण तेल अगदी माफक लावलं, जास्तीचं उडून सेन्सरच्या तारेवर चिकटतं. मग माळ्यावरच्या मोडक्या कूलरचा पत्रा कापून इंजिन आणि फिल्टरमध्ये भिंत उभी केली, धारेला रबर लावलं आणि ग्रिलकडून एक नळी आणली. संध्याकाळी आकडा 50 च्या वर गेला नाही.

असे बदल वॉरंटीत आड येऊ शकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

पावसाळ्याचा धोका वेगळाच आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. तशा पाण्यात खाली वळलेल्या इनटेकचं तोंड बुडालं तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काळा डबा आम्ही पुसून, त्याच्या चारही बोल्टांसकट पिशवीत बांधून ठेवला आहे. मृग लागायच्या आत तो परत बसवायचा, असं भाच्यानं कबूल केलंय.