प्रोग्रामची वळकटी आणि ती सोडणारी आज्ञा

लालबागमधील एका छोट्या हिशेबनिसाच्या कार्यालयात बिले छापणारा एक जुना प्रोग्राम अँटीव्हायरसने अचानक अडवला. तो लिहून देणाऱ्या गृहस्थांचा ठावठिकाणा आता कोणालाच माहीत नव्हता, आणि फाइल खरोखर घातक आहे की केवळ संशयित, हे कसे ठरवायचे, असे मला विचारण्यात आले. अशी फाइल ‘चालवून तर बघू’ म्हणणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे होय. तपासल्यावर कळले, की ती यूपीएक्स या साधनाने आवळलेली, म्हणजे आकार लहान करण्यासाठी दाबून बसवलेली होती. संशयाचे मूळ बहुधा तेच असावे, कारण आवळलेल्या फाइलीच्या आतले दिसत नाही आणि घातक प्रोग्राम लिहिणारेही हीच पद्धत वापरतात.

गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्यांना वळकटी समजावून सांगायला नको. रात्री खोलीभर पसरणारी अंथरुणे सकाळी गुंडाळून कोपऱ्यात रचली, की त्याच खोलीत दिवसाचा संसार मावत असे. आवळलेला प्रोग्राम ही अशीच वळकटी आहे, मात्र ती सोडणारा हात तिच्या आतच असतो. झिप फाइल उघडायला दुसरा प्रोग्राम लागतो. इथे फाइलीत दडलेला एक छोटा तुकडा आधी चालतो, मूळ प्रोग्राम संगणकाच्या स्मृतीत (मेमरीत) उलगडतो आणि मग सूत्रे त्याच्या हाती देतो. डिस्कवरची फाइल मात्र आवळलेलीच राहते.

साडेतीन इंची फ्लॉपीवर 1.44 मेगाबाइट एवढीच जागा असायची, त्या काळात ही युक्ती फार मोलाची होती. फाब्रिस बेलार यांनी 1989 मध्ये डॉस या जुन्या संगणक-प्रणालीसाठी एलझेडईएक्सई हे असेच आवळणारे साधन लिहिले. मार्कुस ओबरह्यूमर आणि लास्लो मोल्नार यांचे यूपीएक्स 1998 मध्ये आले आणि ते आजही मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे.

आवळण्याचे तत्त्व पुनरावृत्तीवर उभे आहे: एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, की तो परत न लिहिता ‘इतके मागे जाऊन इतके अक्षर घ्या’ एवढेच नोंदवायचे. परंतु प्रोसेसरला थेट कळणाऱ्या यंत्रभाषेत एक अडचण असते. एकाच फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला, शंभर ठिकाणांहून बोलावले, तरी इंटेल जातीच्या प्रोसेसरवर त्याचा पत्ता सहसा बोलावणाऱ्या जागेपासूनचे अंतर म्हणून लिहिला जातो. धीम्या लोकलने दादरला जायचे, तर वांद्र्याच्या प्रवाशाला ‘तिसरे स्थानक’ सांगावे लागते आणि माहीमच्या प्रवाशाला ‘दुसरे’. ठिकाण एक, वर्णने निराळी, आणि म्हणून पुनरावृत्ती दिसतच नाही. यूपीएक्स आवळण्यापूर्वी अशी अंतरे थेट पत्त्यांत बदलते, म्हणजे सगळीकडे ‘दादर’ असेच लिहिते, आणि उलगडताना पुन्हा अंतरे मांडते. मला या साधनातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आवळलेली विंडोज फाइल उघडून पाहिली, तर तिच्यात सहसा यूपीएक्स-शून्य आणि यूपीएक्स-एक या नावांचे दोन विभाग दिसतात. पहिला डिस्कवर रिकामा असतो, पण उलगडलेल्या प्रोग्रामसाठी स्मृतीत जागा राखून ठेवतो. दुसऱ्यात आवळलेला मजकूर आणि तो उलगडणारा तुकडा असतो. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये मांडलेल्या मापाने पाहिले, तर या मजकुराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यातली अनिश्चितता, दर बाइटमागे 8 बिट या कमाल मर्यादेच्या जवळ जाते, म्हणजे वरवर पाहता तो केवळ गोंधळ भासतो.

आता आज्ञा. कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत, यूपीएक्सपुढे वजाचिन्ह आणि छोटा ‘डी’ लिहून फाइलीचे नाव दिले, की मूळ प्रोग्राम परत मिळतो, आणि या कामात संशयित फाइलीतली एकही सूचना चालवली जात नाही. माझ्या मते या आज्ञेचे खरे मोल इथेच आहे. ‘डी’ऐवजी ‘टी’ दिल्यास आवळलेला मजकूर शाबूत आहे की नाही, एवढेच तपासले जाते. सावधगिरी एकच: ‘ओ’ हा पर्याय देऊन नवे नाव सांगितले नाही, तर उलगडलेली फाइल जुन्या फाइलीच्या जागी बसते, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी. उलगडलेली फाइल मूळ फाइलीशी बाइट-न्-बाइट जुळेलच असेही नाही.

ही आज्ञा फाइलीतील यूपीएक्सच्या खुणांवर विसंबून असते. 2016 मध्ये गाजलेल्या मिराई या घातक प्रोग्रामच्या कुळातील काही नमुन्यांत या खुणा मुद्दाम बदललेल्या आढळल्या. अशा वेळी साधन नकार देते, आणि तज्ज्ञांना खुणा हाताने दुरुस्त कराव्या लागतात किंवा फाइल बंदिस्त आभासी संगणकात चालवून स्मृतीतून मूळ प्रोग्राम उचलावा लागतो.

लालबागच्या फाइलीत तशी छेडछाड नव्हती. ती उलगडल्यावर बिलांची शीर्षके, छपाईयंत्राचे संदेश आणि बाहेरून मागवलेल्या फंक्शनांची यादी स्पष्ट वाचता आली, आणि त्या यादीत नेटवर्कशी संबंधित एकही नाव नव्हते. परंतु प्रोग्रामला फंक्शने यादीबाहेरूनही मिळवता येतात. त्यामुळे पुढील तपासणी होईपर्यंत तो इंटरनेटची जोडणी काढलेल्या वेगळ्या संगणकावरच चालवावा, असे मी त्या कार्यालयाला कळवले.