अर्ध्या गुणाचा हिशेब

दादरमधल्या एखाद्या हॉलमधली रविवारची बुद्धिबळ स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. एका पटावर 1900 रेटिंगचे, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा 1900 असलेले, बँकेतून निवृत्त झालेले काका. समोर 1600 रेटिंगची सहावीतली मुलगी. काकांची दोन प्यादी जास्त आहेत, तरी डाव काही सुटत नाही. राजे आणि प्यादी सोडली तर पटावर उरलाय दोघांचा एकेक उंट, तोही विरुद्ध रंगाच्या घरांवरचा. काकांचा उंट पांढऱ्या घरांवरून फिरणारा. त्यामुळे मुलीचा राजा प्याद्यांच्या वाटेतल्या काळ्या घरात ठाण मांडून बसला, की उंटाला त्याला हुसकावताच येत नाही. अखेर काका हात पुढे करतात. बरोबरी.

गुणतक्त्यात दोघांना अर्धा-अर्धा गुण. रेटिंगमध्ये मात्र बरोबरी समान वाटली जात नाही.

रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती 1970 मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून आधी अपेक्षित गुण काढायचे आणि प्रत्यक्ष निकाल त्यापासून जितका दूर, तितकं रेटिंग हलवायचं. 300 चा फरक असेल, तर वरच्या खेळाडूकडून 0.85 गुणांची अपेक्षा. म्हणजे शंभरात 85 विजयच असं नाही. 70 विजय आणि 30 बरोबऱ्या झाल्या तरी बेरीज तीच. बरोबऱ्या किती होतील हे सूत्र सांगत नाही. पांढरी मोहरी कुणाकडे होती हेही ते विचारत नाही, आणि हे मला जरा खटकतंच, कारण पहिल्या चालीचा थोडा फायदा असतोच.

काका अपेक्षेपेक्षा 0.35 ने कमी पडले. या फरकाला ज्याने गुणायचं तो त्यांचा गुणक 20, म्हणून रेटिंगचे 7 अंक गेले. मुलीला मात्र 14 मिळाले, कारण अठरा वर्षांखालच्या, 2300 पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूंचा गुणक 40 असतो. मुलं झपाट्याने सुधारतात, रेटिंग त्यांच्यामागे धापा टाकत येतं. आकडा 1600 चा आणि खेळ 1800 चा, अशी पोरं समोर आली की मोठ्यांचे अंक भराभर झडतात.

मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वर उचललं. 2000 ला जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के अंक वाढवून दिले. त्या हिशेबाने 1600 चे 1760 झाले, 1900 चे 1940. फरक 300 वरून 180 वर आला. आता अशाच बरोबरीत काकांचे 7 नाही, 4.8 अंक जातील.