गिअरची आगगाडी

मे 2017 मध्ये इंग्लंडच्या एल्सबरी ते प्रिन्सेस रिझबरो या छोट्या मार्गावरून एका डब्याची एक डिझेल गाडी कायमची निवृत्त झाली. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेल्या या गाडीला तिथले लोक 'बबल कार' म्हणत. अधिकृत नाव क्लास 121, बांधणी 1960 च्या सुमाराची. सत्तावन्न वर्षं म्हटलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "त्या काळचं लोखंडच वेगळं होतं!"

लोखंड तेच होतं आणि गंजतही तसंच होतं. ब्रिटिश रेल्वेने 1954 पासून दहाएक वर्षांत असे सुमारे चार हजार डबे बांधले. त्यातले बहुतेक ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला मोडीत निघाले. याच पिढीतल्या क्लास 101 च्या शेवटच्या गाड्या मँचेस्टरकडे डिसेंबर 2003 पर्यंत टिकल्या. मोडीत गेलेल्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही, म्हणून उरलेल्यांवरून अख्ख्या पिढीची ताकद ठरवली जाते. टिकलेल्या का टिकल्या, याचं अर्धं उत्तर पत्र्यात आहे, अर्धं डब्याच्या पोटाखाली.

आपल्याकडचं डिझेल इंजिन किंवा डेमू गाडी म्हणजे चाकांवरचं वीजघर. डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवतं आणि चाकं फिरवतात विजेच्या मोटरा. त्यामुळे 'रेल्वेला कुठे गिअर असतात?' हा प्रश्न साहजिक आहे. या ब्रिटिश गाड्यांना होते, चांगले चार. बांधणारे बसच्या यंत्रांकडे वळले. साधारण 150 अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं इंजिन आडवं करून डब्याच्या तळाशी रबरी गाद्यांवर टांगलं. प्रत्येक इंजिनदार डब्याखाली अशी दोन, आणि एकेक इंजिन एकेका आसाला (चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्याला) जोडलेलं. ओळ अशी: इंजिन, तेलाचं फ्लायव्हील, फ्रीव्हील, गिअरबॉक्स आणि शेवटी आसावरची अंतिम पेटी. गाडीची दिशा या अंतिम पेटीत बदलते.

तेलाचं फ्लायव्हील म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या, आत पाती असलेल्या दोन वाट्या, मध्ये तेल. एक वाटी इंजिनाची. ती फिरली की तेल दुसरीवर आदळतं आणि तिला ओढतं. त्यामुळे गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही. या सोयीची किंमत उष्णतेत चुकवावी लागते. गाडी जागची हलत नसताना 150 अश्वशक्ती लावली, तर सुमारे 112 किलोवॉट, म्हणजे दोन किलोवॉटचे पन्नासहून जास्त गिझर, त्या तेलातच तापतात. म्हातारपणी सील गळून तेल कमी झालं की घसरण वाढते, उष्णता वाढते, सील आणखी कडक होतं.

आता गिअरबॉक्स. ही विल्सनची एपिसायक्लिक पेटी, त्याच वॉल्टर विल्सनची ज्याचा पहिल्या रणगाड्याच्या रचनेत हात होता. मध्ये सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रं, त्यांच्याभोवती आतून दाते असलेलं कडं. इंजिन सूर्याला फिरवतं. कड्याभोवती ब्रेकचा पट्टा आवळला की कडं थांबतं आणि ग्रहांची चौकट सूर्याच्या 4.28 फेऱ्यांमागे एक फेरी मारते. हा पहिला गिअर. दुसऱ्यासाठी तसाच आणखी एक संच मागे आहे. पहिल्याचं कडं दुसऱ्याच्या चौकटीला जोडलेलं. आता दुसऱ्या संचाचं कडं आवळा. इंजिन मिनिटाला 1800 फेऱ्या करत असेल तर दुसरी चौकट 420 फेऱ्यांनी फिरते, सोबत पहिलं कडंही. पूर्वी थांबलेलं कडं आता त्याच दिशेने सरकतंय, म्हणून बाहेरची गती 420 वरून 740 च्या आसपास जाते. गुणोत्तर 2.43. तिसरा याच युक्तीवर आणखी एक मजला चढवतो (1.59). चौथ्यात क्लच सगळ्यांना एकत्र बांधतो आणि आख्खी पेटी एक तुकडा होऊन फिरते. दाते सतत अडकलेलेच राहतात, बदलतो फक्त कुठला पट्टा आवळलाय ते. डोकं गरगरलं असेल तर एवढं धरा: आवळणारी ताकद दाबाखालच्या हवेची, तिला सोडणाऱ्या झडपा विजेच्या, म्हणून पुढच्या केबिनमधला एक दांडा सगळ्या डब्यांचे गिअर एकदम बदलतो.

पण कधी बदलायचा हे चालकाने ठरवायचं. साधारण ताशी 25, 45 आणि 65 किलोमीटर वेगाला थ्रॉटल पूर्ण बंद, दांडा पुढच्या खाचेत, एकदोन सेकंद थांबून इंजिनाच्या फेऱ्या खाली येऊ द्यायच्या, मग थ्रॉटल हळूहळू. घाई केली की पट्टा घासत पकडतो आणि झिजतो. हवेचा दाब कमी असला तर तो घसरतो आणि जळतो.

खरी करामत फ्रीव्हीलची. सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तेच इथे. इंजिन चाकांना ढकलू शकतं, चाकं इंजिनाला नाही. चार इंजिनांच्या गाडीत एक बंद पडलं तर ते ओझं न होता गप्प बसतं, उरलेली तिघं गाडी पोचवतात. इंजिनं सारखी झिजलेली नसली तरी एकमेकांशी भांडत नाहीत. मात्र इंजिनाचा ब्रेक अजिबात मिळत नाही. घाटात गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचतं असं मानणाऱ्यांना हे फ्रीव्हील आवडेल. फरक एवढाच की या गाडीचे व्हॅक्युम ब्रेक हे धरूनच बसवलेले आहेत, ट्रकचे नाहीत.

फ्रीव्हील असूनही न टळणारे दोन बिघाड आहेत. ते गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाशी बसतं. म्हणून एखादी पेटी पहिल्या गिअरमध्ये अडकून राहिली आणि बाकीच्या इंजिनांनी गाडी 110 ला नेली, तर इंजिन सुखरूप, पण पेटीचं इंजिनाकडचं तोंड मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्याही पुढे जातं आणि फुटतं. दुसरा बिघाड, एखादी अंतिम पेटी उलट्या दिशेतच राहणं. तेव्हा फ्रीव्हील उलटं फिरू पाहतं, अडकतं, आणि सगळा मार तेलाच्या फ्लायव्हीलवर येतो. म्हणून दिशा बदलल्यावर केबिनमधले आसाचे दिवे बघितल्याशिवाय गाडी हलवायची नसते. दिवा लागला नाही तर ती अंतिम पेटी मध्यावर आणून अडकवायची आणि त्या इंजिनाविना निघायचं.

शेवटच्या वर्षांतले रोजचे त्रास साधे होते: पानगळीत पाल्याने बुजलेले रेडिएटर, पाणी कमी झाल्यामुळे आपोआप बंद झालेलं इंजिन, तेलाने माखलेला तळ आणि त्याला आगीची भीती. बसच्या मापाचं इंजिन खाली उतरवून दुसरं चढवता येई. पत्रा गंजला आणि भिंतींत फवारलेलं, फुप्फुसांना घातक असं निळं ॲस्बेस्टॉस सापडलं की मात्र हिशेब बदलायचा. ते काढण्यापेक्षा डबा भंगारात देणं स्वस्त पडे. ज्यांची आधीच साफसफाई झाली होती तेच डबे पुढे चालले.

त्यांच्या जागी 1980 च्या दशकात आलेल्या पेसर गाड्यांतल्या क्लास 142 मध्येही सुरुवातीला गिअरबॉक्सच होती, पण गिअर बदलायचं काम यंत्रणेकडे दिलेलं. तिने इतका छळ मांडला की पुढे त्या पेट्या काढून फॉइट या जर्मन कंपनीची हायड्रॉलिक यंत्रणा बसवावी लागली. पेसर 2021 मध्ये प्रवासी सेवेतून संपल्या, बबल कारनंतर अवघ्या चार वर्षांनी.