लाकूड तडकणार, हे आधीच सांगतो

(चेनसॉने कोरलेल्या आमच्या लाकडी वस्तू घेणाऱ्यांसाठी आणि हे कोरकाम शिकायला येणाऱ्यांसाठी)

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका ग्राहकांचा रात्री अकराला फोन आला. "अहो, तुमचं घुबड फुटलं! फटाक्यासारखा आवाज झाला." घुबड फुटलं नव्हतं. फणसाच्या ओल्या ओंडक्यातलं अडीच फुटी घुबड एसीच्या झोताखाली ठेवलं होतं आणि कपाळापासून पोटापर्यंत बोट जाईल एवढी चीर पडली होती. अर्धी चूक त्यांची. अर्धी आमची, कारण आम्ही काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून हा कागद वस्तूबरोबर देतो.

चेनसॉने, म्हणजे दातेरी चेन फिरणाऱ्या मशीनच्या करवतीने, कोरायचं ते बहुधा अख्ख्या ओंडक्यात, आणि तेही ओलं असताना. ओलं लाकूड मऊ कापलं जातं, मशीन कमी तापतं. पण वाळताना लाकूड आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. गाभ्याच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळाच्या कडेने आकसतं. बाहेरचा घेर लहान होऊ बघतो, आतला गाभा जागा देत नाही, मग लाकूड उकलतं. याला उपाय नाही, वळण लावता येतं. म्हणून आता प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे वरपासून खालपर्यंत, गाभ्यापर्यंत जाणारी एक उभी खाच आम्ही मुद्दाम पाडतो. ताण बहुतेक तिथे मोकळा होतो आणि चेहरा वाचतो. "मागे हे काय कापलंय?" असं विचारण्याआधी हे वाचलेलं बरं.

घरी नेल्यावर पहिलं वर्षभर एसी, पंखा आणि पश्चिमेचं ऊन यांपासून लांब ठेवा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा वाळण्याचा जुना हिशोब आहे, म्हणजे फूटभर जाडीचा ओंडका घाईत नसतो. अंगणात ठेवणार असाल तर खाली दोन विटा घाला; थेट मातीत ठेवलेल्या लाकडाला वाळवी आमंत्रणाची वाट बघत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, जवसाच्या तेलाचा हात फिरवा. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

लाकडाची निवड आमच्यावर सोडा. आम्ही शक्यतो फणस वापरतो. ताजा कापला की हळदीसारखा पिवळा, पाच-सात वर्षांत मधासारखा तपकिरी होतो, आणि आतल्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. आंबा स्वस्त आणि कोरायला गोड, पण भुंग्याला त्याहून गोड, म्हणून बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात भिजवल्याशिवाय देत नाही. सुरूच्या झाडाचं लाकूड नको. 2020 च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरची सुरू इतकी आडवी झाली होती की मोह झाला, आणून बघितली; महिन्याभरात ओंडके कलिंगडासारखे उकलले.

उभं झाड मूर्तीसाठी पाडत नाही. पडलेलं, वठलेलं किंवा परवानगीने तोडलेलं घेतो. राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत, त्यामुळे "आमच्याच परसातलं आहे हो" एवढं पुरत नाही, कागद लागतो.

गणपती करतो का? करतो. फक्त सोंड आणि हात अंगालगत ठेवतो. उभ्या ओंडक्यात रेषा उभ्या असतात; त्यातून आडवा पुढे काढलेला हात म्हणजे आखूड रेषांचा तुकडा, धक्का लागला की बिस्किटासारखा तुटतो. विसर्जनाच्या मूर्ती करत नाही. बुडणार नाहीत.

आता शिकायला येणाऱ्यांसाठी. ही कला वाढली अमेरिकेत, साधारण 1950 च्या दशकापासून, एका माणसाला पेलतील अशी हलकी मशीनं आल्यावर. तिकडे सगळे अस्वल कोरतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी अळंबी. सगळ्यांना सोपी वाटते आणि निम्म्यांचा देठ तुटतो.

वय अठरा पूर्ण हवं. एका वेळी चारच जण. सकाळी मशीन चालू होतच नाही, जेवणापर्यंत फक्त कानस. चेनच्या प्रत्येक दाताला एकाच कोनात, एकाच दिशेने, मोजून सारखे हात मारायचे. कंटाळवाणं आहे, पण चेन बोथट झाली की माणूस जोर लावतो, आणि अपघात तिथेच होतो. भुशाकडे लक्ष ठेवा: चुरा फरसाणातल्या शेवेसारखा जाड पडतोय तोवर ठीक, पिठासारखा पडायला लागला की थांबा, कानस घ्या.

दुसरी गोष्ट उसळी. चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते, तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन तोंडाकडे उलटं येतं, आणि चेन सेकंदाला वीसेक मीटर पळत असते. कोरायच्या पट्टीचं टोक रुपयाच्या नाण्याएवढं निमुळतं असल्याने उसळी कमी बसते, संपत नाही. म्हणून दोन्ही हात, डावा अंगठा दांड्याखाली, आणि मशीन खांद्याच्या वर कधीच नाही. जाळीचं हेल्मेट, कानावरचे मफ, बूट आणि पायांवरून बांधायचं संरक्षक कापड आम्ही देतो. त्या कापडातले धागे चेनमध्ये गुंतून ती जागेवर अडकते. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी घरी ठेवा.

कोरताना एकच सांगणं: नाक मोठं ठेवा, डोळे बारीक ठेवा. नाक नंतर कमी करता येतं, डोळा नंतर मोठा करता येतो. उलटं होत नाही.

दुपारी एक ते तीन मशीन बंद. शेजारी वामकुक्षी घेतात आणि त्यांनी आम्हाला बरीच वर्षं सहन केलंय. जून ते सप्टेंबर वर्ग नाहीत, लाकडाला बुरशी धरते. भुसा हवा असेल तर फुकट न्या, माडाच्या आळ्यात चांगला. ताजा असेल तर आधी महिनाभर कुजू द्या.

स्वतःच्या घरचा ओंडका आणणार असाल तर टोकांना कापल्या दिवशीच मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा. आणि कपडे वाळत घालायची तार त्या झाडाला कुठे ठोकली होती, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. एक खिळा लागला की चेनचे सगळे दात जातात.