सीट हलत नाही? मोटर बदलण्याआधी हे वाचा

बटण दाबलं आणि सीट जागची हलली नाही, की पुष्कळ ठिकाणी निदान एका वाक्यात होतं: ‘साहेब, मोटर गेली.’ कधीकधी खरंच गेलेली असते. पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये दोष बहुधा मोटरच्या अलीकडेच सापडतो. फ्यूज, सीटखालचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), अर्थची वायर (करंट गाडीच्या सांगाड्याकडे परत नेणारी), नाहीतर खुद्द बटण. या सगळ्यात महाग मोटरच, त्यामुळे तिच्यावर हात घालायचा तो सर्वांत शेवटी, हा आमचा शिरस्ता.

गाडी आणण्याआधी घरीच पाहा

सीटखाली टॉर्च मारा. पाण्याची बाटली, छत्री, पोरांची खेळणी रुळात अडकून बसतात, आणि तेवढ्यासाठी गॅरेजपर्यंत यायची गरज नसते.

मग बटण दाबून कान द्या. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण सीट हलत नाही, म्हणजे वीज पोचते आहे. बिघाड गिअरमध्ये किंवा मोटरची फिरकी पुढे पोचवणाऱ्या केबलमध्ये आहे. आवाजच नसेल तर इंजिन बंद ठेवून, बेसमेंटच्या अंधारात छताचा दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला, तर करंट मोटरपर्यंत जातोय पण ती जाम आहे. अशा वेळी बटण दाबून धरू नका, मोटर तापते. दिव्यात काडीचाही फरक पडला नाही, तर करंट बहुधा वाटेतच अडलाय. एलईडी दिवे असलेल्या गाड्यांत मात्र या परीक्षेवर भरवसा ठेवू नका.

फ्यूज कुठला ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतं. सीटला बऱ्याच गाड्यांत ३० अँपिअरचा, म्हणजे हिरवा फ्यूज असतो. उडाला असेल तर त्याच आकड्याचा घाला. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालून काम भागवणं म्हणजे वायरिंग पेटवायची तयारी. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप पूर्ववत होणारा ब्रेकर असतो. सीट मध्येच बंद पडते आणि थोड्या वेळाने आपली आपण चालू होते, त्यामागे तो असू शकतो. तो सारखा पडत असेल तर मोटर जास्त करंट का ओढते हे शोधायला हवं.

नेमकं काय होतं ते सांगा

‘सीट चालत नाही’ एवढ्यावरून आम्हाला फारसं कळत नाही. सगळीच बटणं मुकी असतील तर मुख्य सप्लाय किंवा अर्थ पाहायचा. उंची बदलते, पाठ मागे जाते, फक्त पुढे-मागे होत नाही, तर ती एक मोटर, तिच्या वायरी आणि बटणातला तिचा भाग.

सीट पुढे जाते पण मागे येत नाही, ही तक्रार आम्हाला सर्वांत आवडते. साध्या सीटमध्ये दोन्ही दिशांना एकच मोटर फिरते, त्याच दोन वायरींवर. बटण मोकळं असताना दोन्ही वायरी अर्थला असतात. दाबलं की एकीला १२ व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते. उलट बाजूने दाबलं की अदलाबदल. एका दिशेने जी मोटर जोमात फिरते ती जळालेली कशी असेल? रुळात अडथळा नसेल तर बटणातला संपर्क काळा पडलेला असतो. आणि सीट ठरावीक जागीच बंद पडत असेल तर खालची वायर ताणली जाऊन आतून तुटली आहे का, ते आधी पाहावं.

आम्ही कसं तपासतो

आधी बॅटरी. पूर्ण चार्ज झालेली, स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग कपलरवर व्होल्टेज, पण मोटर किंवा टेस्ट लँपचा भार टाकून. नुसता मल्टीमीटर लावला तर गंजलेल्या कपलरवरही १२ व्होल्ट दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. सांध्यात फक्त १ ओहमचा अडथळा असेल आणि मोटर ५ अँपिअर ओढत असेल, तर ५ व्होल्ट तिथेच खर्च होतात. मोटरच्या वाट्याला उरतात सात. ती कण्हते, सीट सरकत नाही, आणि बदली मात्र मोटरची होते.

हा गंज येतो पावसाळ्यात. एसीची किंवा सनरूफची निचरा नळी तुंबली की पाणी कार्पेटखाली साचतं. वरून काही दिसत नाही, फक्त कुबट वास येतो. जुलै २०२४ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून कोरडी दिसते, पण कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढत राहतो. जुनी गाडी घेताना सीटखाली एकदा जरूर डोकवा.

नवं सीट कव्हर बसवल्यावर दोष सुरू झाला असेल तर तेही सांगा. कव्हरचे हुक वायरीत रुतलेले आम्ही पाहिले आहेत. उंदरांचं तर विचारूच नका.

पिवळ्या वायरीला हात लावू नका

सीटखालचा पिवळा कपलर एअरबॅगचा असतो. तो स्वतः काढू नका, त्यावर मल्टीमीटर तर मुळीच लावू नका. आम्हीसुद्धा बॅटरी सोडवून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच त्याला हात लावतो. गाडी वॉरंटीत असेल तर आमच्याकडे न येता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. बाहेर वायरिंग उघडल्यावर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

तपासणीचे पैसे वेगळे आणि आधी सांगून घेतो. पार्ट बदलला तर जुना तुमच्या हातात देतो. मेमरी सीट असेल तर दोन्ही किल्ल्या आणि पुस्तिका घेऊन या: काही गाड्यांत सीटची जागा किल्लीनुसार साठवलेली असते आणि बॅटरी सोडवल्यावर ती नव्याने भरावी लागू शकते.